हात न लावता

एकोणीस वर्षं मी त्याच्या खाली उभा होतो.
फोटोत मी नाही. असलोच तर कडेला
निळ्या ट्रॅकसूटची एक बाही,
किंवा टकलाचा तुकडा, दिव्याने चकाकणारा.

कुसाकाबे रित्सु आला तेव्हा नऊ वर्षांचा होता.
साकाता बंदरावरचं घर, बाप तातामी शिवणारा,
दोरा ओढून ओढून कोपराला घट्टा पडलेला.
पोराने पहिली कोलांटी मारली ती दुकानामागे,
गिऱ्हाइकाने परत केलेल्या चटयांच्या ढिगावर.
अंगाला ओल्या गवताचा वास येत होता.
बाप म्हणाला, "हा सरळ चालतच नाही."
मी म्हटलं, "मग इथे राहू दे."

बाहेर खिडकीच्या वरपर्यंत बर्फ,
आत रॉकेलची एकच शेगडी.
दांडा इतका गार, की आधी तोच शेकून घ्यावा लागे.
तळहाताची साल निघाली की तो दाखवायला यायचा,
रडत नव्हे, नवं नाणं दाखवावं तसा.

बायको विचारायची, तू तिथे करतोस तरी काय?
हात छातीपुढे, तळवे उघडे.
डोळे त्याच्या कमरेवर, हातांवर नाही;
हात शेवटपर्यंत खोटं बोलतात.
तो दांडा सोडतो, वर जातो, वळतो,
तेवढा वेळ माझा श्वास कुठे असतो
मला माहीत नाही.
मग तो पुन्हा धरतो. तारा कुरकुरतात,
माझ्या चष्म्यावर पांढरी पूड पडते.
इतकंच. हात तयार ठेवायचे
आणि लावायचे नाहीत.

पदकांचं मी काय सांगणार, ती भिंतीवर आहेत.
मला आठवते ती मधाची बरणी.
समांतर पट्ट्यांना लावायला लागतो,
आणि त्याला डोंगरातल्या एका म्हातारीकडचाच मध लागायचा.
दोन विमानतळांवर ती उघडून हुंगली गेली.
तिसऱ्या ठिकाणी अधिकाऱ्याने बोट बुडवून चाखला,
आणि त्याच रात्री रित्सु जगात पहिला आला.
उतरला तो खिळा ठोकावा तसा.
सगळा हॉल उभा राहिला. मी उभाच होतो.

मग खांदा.
मग दुसरा खांदा.
एकतिसाव्या वर्षी, संघनिवडीच्या दिवशी,
त्याने दांडा सोडला आणि परतताना
डाव्या हाताची चारच बोटं पोचली.
ती धरणार होती. आता मला ठाऊक आहे, धरणार होती.
पण माझे हात माझं न ऐकता वर गेले
आणि त्याच्या पोटरीला लागले.
तळहाताएवढा स्पर्श. पंचांनी पाहिला.
एक गुण गेला. संघ हुकला सहा दशांशांनी.

बसमध्ये मी तीन वेळा माफीचं वाक्य जुळवलं.
तो खिडकीबाहेर बघत होता,
कापलेल्या भातशेतात हंस उतरले होते.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"इमानारी-सान, तुमचे हात फार गार असतात."
आणि झोपला, किंवा झोपल्यासारखं केलं.

पुढे त्याने बापाचं दुकान उघडलं, बंद केलं.
लग्न केलं. दोन हिवाळे त्याचं काहीच कळलं नाही.
माझे गुडघे गेले, हॉलची किल्ली मी परत केली.

काल रात्री फोन आला.
आधी हवेबद्दल बोलला, मग बापाच्या खोकल्याबद्दल.
मग म्हणाला, एक मुलगी आहे, अकरा वर्षांची,
मासळी-लिलाववाल्याची, दांडा सोडायला घाबरत नाही.
उद्यापासून तिच्या खाली उभं राहायचंय.
थांबला. त्याच्याकडे शेगडीचा आवाज येत होता.
"पायांत अंतर किती ठेवायचं?"

ज्याच्या पावलांकडे चाळीस हजार डोळे लागलेले असायचे
तो मला पाय कसे ठेवायचे विचारत होता.

मी सांगितलं, खांद्याएवढं. एक पाय जरा मागे.
आणि बाकीचं?
बाकीचं मला कधी जमलंच नाही, हे बोललो नाही.
म्हटलं, मान दुखेल.
आधी हात शेकून घे.